पळाला काहून

पुसद नाक्यावर शिट्टी वाजली, शिपायाचा हात वर गेला, आणि रत्नमालाची गाडी थांबायच्या ऐवजी पुढं उसळली. आपण ती उसळवली, असं तिला नंतरही कधी म्हणता आलं नाही. मनगट आपसूक पिळलं गेलं, एवढंच. डाव्या बाजूला केळीचा गाडा होता, उजवीकडं एक एसटी वळत होती, त्या दोघांच्या मधल्या फटीतून ती निघून गेली आणि भानावर आली तेव्हा नाका मागं पडला होता. छाती अशी धडधडत होती की हेल्मेटच्या आत स्वतःचाच श्वास तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. मागं वळून बघायची हिंमत नव्हती. आरशात बघितलं तर तिच्याच कोटाची काळी बाही दिसली. डोक्यावर हेल्मेट होतं. लायसन पर्समध्ये, विम्याचे कागद डिक्कीत, सगळं जागच्या जागी होतं. थांबली असती तर अंगावरचा कोट बघून त्या पोरानं, नवीन भरतीतलाच कुणी असणार, 'जा मॅडम' म्हणून हात खाली घेतला असता. इतकी वर्षं ती याच जिल्ह्याच्या कोर्टात उभी राहत होती. निम्मे पोलीस तिला नावानं ओळखायचे. कदाचित ती शिट्टी तिच्यासाठी नव्हतीच, मागून कुणी तिघं बसून येत असतील त्यांच्यासाठी असेल. पण हे आत्ता सुचत होतं. तेव्हा काहीच सुचलं नव्हतं, सुचायला जागाच नव्हती. शिट्टी आणि मनगट यांच्या मध्ये रत्नमाला खिल्लारे नावाची कुणी बाईच नव्हती.

कोर्टाच्या आवारात गाडी स्टँडवर लावून ती हँडल धरून तशीच उभी राहिली. ओळखीचा एक पक्षकार नमस्कार करून गेला, तिनं मान हलवली. आज नेमका लखीरामचा जामीन अर्ज होता, आणि लखीरामवरचा आरोप हाच होता, तो थांबला नाही. मेडशीकडच्या एका तांड्यावरचा हा तिशीतला माणूस. दिवसभर रामकिसन नावाच्या शेतकऱ्याच्या मळणीयंत्रावर काम करून दिवेलागणीला मोटारसायकलनं घरी चालला होता. रस्त्यावर नाकाबंदी होती. पोलिसांनी हात केला. त्यानं गाडी हळू केली, हे सगळेच साक्षीदार सांगत होते, आणि मग एकाएकी वेग वाढवून तो सुटला. विकास नावाच्या शिपायानं गाडीचं मागचं कॅरिअर धरलं. तो थोडा फरफटत गेला, पडला, त्याचं मनगट मोडलं. लखीरामनं पुढं कुणाच्या तरी तुरीत गाडी टाकून दिली आणि तो दिसेनासा झाला. रिसोडच्या पलीकडं सासुरवाडीच्या शेतात तो सोयाबीन निघेपर्यंत लपून राहिला. तोवर कागदावर त्याच्या नावापुढं 'फरार' असा शब्द पडला होता. तांड्यावर गाड्या येऊन गेल्या, त्याच्या भावाला दोनदा नेऊन बसवलं. मग एका सकाळी तो बायकोसोबत स्वतःच पोलीस स्टेशनात जाऊन उभा राहिला. तेव्हापासून वाशीमच्या जेलमध्ये होता. खाजगी वकील करायची ऐपत नव्हती म्हणून विधी सेवा प्राधिकरणानं त्याच्यासाठी रत्नमालाला नेमलं होतं. असे कितीतरी तिच्या वाट्याला येत. समन्स मिळाल्यावर कोर्टात न आलेले, वॉरंटची जीप बघून शेतात शिरलेले, ऊसतोडीला गेलेले आणि परत आल्यावर आपण फरार आहोत हे कळलेले. प्रत्येकाकडं काही ना काही कारण असायचं. कच्चं असलं तरी ती ते भाजून पक्कं करायची. लखीरामकडं मात्र काहीच नव्हतं.

जेलच्या मुलाखतीच्या खोलीत जाळीपलीकडं तो बसला होता तेव्हा तिनं पहिला प्रश्न तोच विचारला होता.

"पळाला काहून तू?"

"मले नाई माईत ताई."

"पेला होता?"

"नाई. मी पेतच नाई. तांड्यात इचारा."

"गाडीवर काई होतं? खरं सांग. मी तुही वकील हाय, पोलीस नाई."

"डबा होता जेवनाचा. रिकामा."

"लायसन?"

"होतं ना. खिशातच होतं. पोलिसायनं पयले तेच त घेतलं."

"मंग?"

लखीराम आपल्या हाताकडं बघत राहिला होता. मोठे, चरे पडलेले हात होते. ते कुणीतरी आपल्याकडं सांभाळायला ठेवून गेलंय अशा नजरेनं तो त्यांच्याकडं बघत होता. "थांबतच होतो," तो म्हणाला. "गेर बी पाडला होता. मंग त्यानं बॅटरी मारली डोळ्यावर. मंग गेलो."

"कुठं जाऊन राह्यला होता?"

"कुठं नाई," तो म्हणाला. "तिथून."

तिनं ते लिहून घेतलं नव्हतं. लिहिण्यासारखं त्यात काही नाही असं तेव्हा वाटलं होतं, उलट थोडा रागच आला होता. माणसं वकिलापाशीही लपवतात, त्यातलाच हा एक, असं म्हणून ती उन्हात बाहेर आली होती. पुढच्या भेटीत पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या भेटीत पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तो तेच सांगत राहिला, कसलाही आव न आणता, जसं काही तिला उत्तर मिळत नाही याचं त्यालाच वाईट वाटत होतं. एकदा तर म्हणाला, "तुमीच सांगा ताई काय सांगू, तेच सांगतो." आज, गाडीचं हँडल धरून उभं असताना, 'तिथून' हा शब्द तिच्या पोटात शिरला. नाक्यावरून आपण कुठं चाललो होतो? कोर्टात, हे खरं. पण त्या क्षणी ती कोर्टात चालली नव्हती. ती फक्त तिथून चालली होती.

आणि मग बाबा आठवले. न बोलावता आले. शिरपूरच्या बाजारात जाताना गावाच्या तोंडाशी पोलीस चौकी होती. गावातल्या मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या तिच्यापुढून धुरळा उडवत खुशाल जायच्या. ग्यानबा खिल्लारे मात्र चौकी दिसली की सायकलवरून खाली उतरायचे. मागं कॅरिअरवर बसलेल्या रत्नमालालाही उतरावं लागायचं. बाप पुढं सायकल ढकलत, लेक मागं दप्तर सावरत, असे दोघं चौकीवरून पायी जायचे, आणि ती वळणाआड गेली की पुन्हा स्वार व्हायचे. बाबा तिकडं बघायचे नाहीत. मान खाली नसायची, वरही नसायची, सायकलच्या पुढच्या चाकावर नजर असायची, चाक बरोबर फिरतंय की नाही हे बघितल्यासारखी. लहानपणी तिला वाटायचं, हा रस्त्याचा नियमच असेल. मग एकदा वर्गातल्या एका मुलीचा बाप सायकलवर बसून, वर घंटी वाजवत, चौकीपुढून गेला, आणि नियम सगळ्यांचा नाही हे तिला कळलं. कायद्याच्या पहिल्या वर्षाला अमरावतीहून सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं विचारलं होतं. मनात एक अपेक्षा होती. कुणीतरी कधीतरी बाबांना मारलं असेल, अडवलं असेल, ती गोष्ट आपल्याला मिळेल आणि तिच्यावर आपण पुढचं आयुष्य उभं करू.

"बाबा, तुमाले पोलिसायनं मारलं होतं काय कधी?"

"नाई बाप्पा."

"शिव्या दिल्या?"

"कायले देतील? मी काय केलं?"

"मंग सायकलवरून उतरता काहून?"

बाबा तंबाखू मळत होते. हात थांबला नाही. "उतरतो म्हून त काई झालं नाई," ते म्हणाले.

होस्टेलवर तिनं हा किस्सा हसत हसत सांगितला होता, मुलीही हसल्या होत्या. आज तो हसण्यासारखा राहिला नव्हता. बाबांनी तिला शिकवलं, तिच्या अंगावर काळा कोट चढवला, आणि ती पोलीस स्टेशनात ताठ मानेनं जायला लागली तेव्हा कुणाकुणाला सांगत फिरले. माझी लेक फौजदारापुढं खुर्चीवर बसते. बसत होतीच ती. मांडीवर मांडी टाकून बसायची, मुद्दाम. आणि एवढं सगळं करून, सगळं नीट असताना, एका कोवळ्या पोराच्या शिट्टीनं तिच्या अंगातून कुणीतरी उठलं आणि गाडी घेऊन गेलं. बाबा उतरायचे, ती सुटली. दोघांच्याही अंगाला ते कुणी शिकवलं होतं, कधी शिकवलं होतं? बाबांना विचारायची सोय आता राहिली नव्हती.

बाररूममध्ये नरेंद्र वकील सुपारी कातरत बसले होते. तिच्याहून वयानं मोठे, फौजदारीत मुरलेले, आणि मनानं चांगले. लखीरामची फाईल तिच्या काखेत बघून म्हणाले, "मॅडम, ब्रेक लागला नाही म्हणा. सोपं आहे."

"गाडीची तपासणी झाली, भाऊ. ब्रेक चांगले निघाले."

"मग अंधारात चोर समजला म्हणा. लुटारू असतात त्या रस्त्याला."

"वर्दीत होते सगळे. रस्त्यावर बॅरिकेड होतं."

"मग बायको बाळंत होणार होती म्हणा. पोट दुखत होतं म्हणा." ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "मस्करी नाही करत. कोर्टाच्या हातात काहीतरी द्या. तुम्ही कारण नाही दिलं तर सरकारी वकील देईल, आणि त्याचं कारण तुमच्या पोराला महागात पडेल. जवळ काही सापडलं नाही, म्हणजे त्यानं फेकलं. हेच म्हणणार तो."

हे खरं होतं. त्याच्यापाशी काही नव्हतं, हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. दारू प्यालेला असता, लायसन नसतं, गाडी चोरीची असती, तर लोकांना तो समजला असता. इतका स्वच्छ माणूस पळाला म्हणजे आत काहीतरी फार मोठं असणार. रत्नमालाला वाटलं, आपण एका खोलीत आहोत, दार उघडायला गेलं की त्याच्यामागं भिंतच आहे. "भाऊ," ती म्हणाली, "आज सकाळी नाक्यावर मी..." नरेंद्र वकिलांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर साधं कुतूहल होतं, एखादी गंमत ऐकायला मिळेल अशा अपेक्षेनं ते थांबले होते. "...नाक्यावर खूप गर्दी होती," ती म्हणाली. "चहासुद्धा न घेता आले." त्यांनी लगेच पोऱ्याला हाक मारून चहा सांगितला. तो तिला अर्ध्याच्या वर गेला नाही. बाहेर कुणाच्या बुटांचा आवाज आला की तिचं लक्ष दाराकडं जाई. गाडीचा नंबर घेतला असेल का? कॅमेरा होता का तिथं? आणि कुणी येऊन विचारलंच, मॅडम, थांबल्या काहून नाही, तर?

कोर्टापुढच्या व्हरांड्यात विकास उभा होता. तो जखमी शिपाई, तपास अधिकाऱ्यासोबत कागद घेऊन आला होता. प्लास्टर निघालं होतं पण मनगट जरा तिरकं बसलं होतं, टोपी त्यानं दुसऱ्या हातात धरली होती. तिला बघून तो दोन पावलं पुढं आला. आता हा सकाळच्या नाक्याचं विचारणार, असं तिला वाटलं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, जरासक बोलू काय?"

"बोला."

"म्या हात केला ना, त त्यानं माह्याकडं पाह्यलं. असं, सरळ. मले वाटलं, हा थांबला. गाडी थांबलीच होती जवळजवळ. म्हून मी पुढं गेलो. नाई त मी कॅरिअर कायले धरतो?" त्याला पुढचं बोलायला अवघड जात होतं. "घरी माय इचारते, तू त्याले असं काय केलं की तो तुले पाहून पळाला? काईच नाई केलं मॅडम. बॅटरी मारली फक्त. तोंड दिसलं पायजे म्हून. माह्या त्याच्यावर राग बी नाई. पन पळाला काहून, तेवढं त्याले इचारून मले सांगता काय?"

तिला त्याच्याकडं बघवेना. हा तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा, तिच्याच बाजूच्या गावातला, तिच्यासारखाच बोलणारा पोरगा. ज्याला बघून माणसं पळतात तो आपण आहोत, हे त्याला त्या रात्रीपासून छळत होतं. "त्यालेच माईत नाई," ती म्हणाली. विकासनं मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. वकील आहेत, सांगणार नाहीत, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं.

पुकारा झाला. सरकारी वकिलांनी नरेंद्र वकील म्हणाले होते तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, मांडलं. रस्त्यावर बॅरिकेड होतं, पोलीस वर्दीत होते, कागदपत्रं आरोपीजवळ होती, तरी तो पळाला, याचा अर्थ त्याच्याजवळ असं काही होतं जे पोलिसांच्या हाती पडू नये. निर्दोष माणसाला पळायचं कारण नसतं, सर. एकदा पळालेला पुन्हा पळेल. ते शेवटचं वाक्य ऐकताना रत्नमालाच्या कानशिलात रक्त ठोकायला लागलं. ती उठली. आरोपपत्र दाखल आहे, तपास संपला आहे, आरोपी इथला कायमचा रहिवासी आहे, आधीचा गुन्हा नाही, असं सगळं तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं. तो आवाज तिचा होता आणि थोडा दुरून येत होता. न्यायाधीशांनी फाईलमधून मान वर केली.

"मॅडम, हे सगळं ठीक आहे. एवढंच सांगा, तो पळाला का?"

वरचा पंखा फिरत होता. खिडकीच्या गजांवर एक मैना येऊन बसली आणि उडाली. तिला लख्ख दिसलं की या प्रश्नाचं उत्तर या खोलीत फक्त तिलाच देता येईल. सर, आज सकाळी मीसुद्धा. वाक्य तोंडाशी आलं होतं, जिभेवर त्याची चवही होती, थोडी लोखंडासारखी. ते बोललं की लखीरामचं काहीच भलं होणार नव्हतं. आरोपीचा वकील साक्षीदार होऊ शकत नाही. आणि तिचं? उद्यापासून ती या खोलीत कुठं उभी राहील? ही बाजू बोलणाऱ्यांची होती, ती बाजू ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यांची. मध्ये फक्त एक लाकडी कठडा होता, आणि इतकी वर्षं आपण त्याला एका हातानं घट्ट धरून उभ्या आहोत हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

"मला माहीत नाही, सर," ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी तिच्याकडं चमकून पाहिलं. मागच्या बाकावर कुजबुज झाली.

"मी आरोपीला पुन्हा पुन्हा विचारलं. त्यालाही माहीत नाही. एखादं कारण मी आपल्यापुढं ठेवू शकले असते. ठेवलं नाही, कारण ते खोटं असतं. पळाला का, हे त्यानं सांगितलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. पण परत आला, हे कागदावर आहे. त्याला कुणी पकडून आणलं नाही, सर. तो आपल्या पायांनी आला."

"उद्या प्रत्येक आरोपी म्हणेल, मला माहीत नाही," सरकारी वकील म्हणाले, आणि ते चुकीचं म्हणत होते असं तिला वाटलं नाही. आदेश दुपारनंतर, एवढं म्हणून न्यायाधीशांनी पुढची फाईल ओढली.

दुपारनंतर जामीन मंजूर झाला. जामीनदार म्हणून रामकिसन सकाळपासूनच सातबारा घेऊन पायरीवर बसला होता. "गडी चांगला हाय मॅडम," तो म्हणाला, "आन तुरीचं खळं आलं तोंडावर, याच्याबिगर मशीन कोन सांभाळते?" दयाही होती आणि गरजही, आणि दोन्ही तो एकाच दमात सांगत होता. लखीरामची बायको कमलीबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

"सुटला ना ताई?"

"सुटला. पन एक अट हाय. केस संपेपर्यंत दर रविवारी पोलीस स्टेशनात जाऊन हजेरी लावा लागते. सकाळून, बाराच्या आत. एक बी रविवार चुकला त जामीन रद्द."

"कोन्त्या पोलीस स्टेशनात?"

"तुमच्या तालुक्याच्याच."

कमलीबाई तिच्याकडं बघत राहिली. "म्हंजे ज्यायले पाहून पळाला," ती सावकाश म्हणाली, "त्यायलेच तोंड दाखवाले जायचं? दर इतवारी?"

"हो."

"मंग सुटला कुठून?"

संध्याकाळी रत्नमाला पुसद नाक्याकडून न जाता मागच्या गल्ल्यांतून, लांबच्या वाटेनं घरी गेली. दुसऱ्या दिवशीही तीच वाट. नाक्यावर गर्दी असते, असं तिनं मायला सांगितलं. माय, भागिरथाबाई, तिच्याकडं बघत पोळी लाटत राहिली. कुणाचा फोन आला नाही, कुणी घरी आलं नाही, गाडीच्या नंबरावर दंडाचा साधा मेसेजही आला नाही. आला असता तर ती सुटली असती, असं तिला वाटायचं. चूक झाली, दंड भरला, संपलं. काहीच आलं नाही म्हणून ते तिच्या आतच राहिलं, मोकाट, आणि शिट्टीसारखा कुठलाही आवाज आला, कुकरचासुद्धा, की मनगट आधी ताठ होई आणि मग तिला कळे.

रविवारी सकाळी ती न्हाऊन केस वाळवत बसली होती तेव्हा कमलीबाईचा फोन आला. लखीराम पोलीस स्टेशनच्या समोर रस्त्यापलीकडं बसलाय, उठतच नाही, मी ओढून पाह्यलं, लोक पाहून राह्यले. बाजूनं टेम्पोंचा आवाज येत होता. रत्नमाला होती त्या साडीवर निघाली. गाडी काढली नाही. रस्ता खराब आहे असं स्वतःला सांगून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसली आणि दोन बायांच्या मध्ये अवघडून तालुक्याच्या गावी उतरली.

लखीराम एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसला होता. धुतलेला सदरा, चापून बसवलेले केस. कमलीबाई बाजूला उभी होती. रस्त्याच्या त्या बाजूला स्टेशनचं फाटक उघडं होतं. एक शिपाई आवारात नळावर मोटारसायकल धूत होता.

"चाल लखीराम."

"येतो ताई." तो उठला नाही.

"टाइम होऊन राह्यला."

"हो. तुमी व्हा पुढं."

ती त्याच्या शेजारी ओट्यावर बसली. दगड तापला होता. तो फाटकाकडं बघत नव्हता, आपल्या चपलांकडं बघत होता. "मले जायचंच हाय," तो म्हणाला. "घरून निंगालो तवा मनात काईच नवतं. इथं आलो आन पाय नाई उचलत. त्या दिशी थांबले नाई, आज हालत नाई. माहे पाय माह्या कामाचे नाईत ताई."

"मी येते ना संग."

"तुमाले काय होते आत? तुमी वकील."

ती उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. असा हात तिनं कुठल्याच पक्षकारापुढं कधी केला नव्हता. लखीरामनं तो धरला नाही. त्यानं आधी हाताकडं, मग तिच्याकडं पाहिलं, आणि ओठ चावून तो उठला. तिघं रस्ता ओलांडून फाटकाशी आली. कमलीबाई तिथंच थांबली. आत टेबलामागं एक अनोळखी शिपाई फोनवर बोलत होता, बहुतेक घरच्यांशी, भाजी काय आणायची असं काहीतरी. बोलता बोलता त्यानं भुवई उडवली.

"हजेरीले आलो साहेब," लखीराम म्हणाला.

"आन ह्या? घरच्या काय?"

अॅडव्होकेट रत्नमाला खिल्लारे, हे शब्द तिला इतक्या वेळा म्हणून पाठ होते की झोपेतही आले असते. ती तोंड उघडून उभी राहिली. अंगावर घरची साडी, केस अजून ओले, हात रिकामे. "संग आले," ती म्हणाली.

"बसा तिकडं." त्यानं पेनानं भिंतीजवळचं बाकडं दाखवलं.

दोघं बसली. फोन चालू राहिला. भिंतीवर घड्याळ होतं, पण तिनं त्याकडं बघायचं टाळलं. लखीरामच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता आणि थोड्या वेळानं आपला श्वासही त्याच्याच लयीत चालतोय हे तिच्या लक्षात आलं. पाय जवळ घेतलेले, हात मांडीवर, पंजे दिसतील असे. अशी ती कधी बसली नव्हती. आतून कुणाच्या हसण्याचा आवाज आला. इथं कुणीही वाईट नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी धमकावत नव्हतं, कोपऱ्यातल्या माठाला स्वच्छ कापड गुंडाळलं होतं. तरी उठून एक पेला पाणी घ्यावं, असं घसा कोरडा पडूनही तिला सुचत नव्हतं.

फोन संपला. शिपायानं लखीरामला बोटानं बोलावलं, सही कुठं करायची ते दाखवलं, बघितलंही नाही त्याच्याकडं. "जा. पुढच्या रविवारी लवकर ये, गर्दी राह्यते." झालं. इतकंच होतं. लखीराम क्षणभर टेबलापुढं तसाच उभा राहिला, आणखी काहीतरी होईल म्हणून, मग वळला आणि पायऱ्या उतरून उन्हात गेला. फाटकापाशी कमलीबाईचा चेहरा उजळलेला लांबूनही दिसला. दोघं एकमेकांशी काहीतरी बोलली, त्यांच्या गोरमाटी बोलीत. तो चक्क हसला. मग त्याला काहीतरी उणं वाटलं असावं. त्यानं मागं वळून पाहिलं.

"ताई!" तो फाटकातून मोठ्यानं म्हणाला, "चला ना! सोडलं आपल्याले!"

रत्नमालानं ते ऐकलं. बाकड्याची कड तिच्या बोटांत होती. ती उठली नाही. तिनं आधी टेबलामागच्या शिपायाकडं पाहिलं. तो पुन्हा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. बराच वेळ ती तशीच बघत राहिली. मग त्यानं मान वर केली, ती अजून इथंच आहे याचं त्याला नवल वाटलं, आणि त्यानं हातानं 'जा' म्हणून खूण केली. तेव्हा ती उठली.